केळापूरचे शेल आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची साक्ष

यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅपच्या काळ्या खडकाने झाकलेला आहे. केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याहून पैनगंगेकडे आणि पूर्वेस वणीकडे जाताना, हे आवरण जागोजागी फाटते व त्याखालील पुरातन चुनखडक आणि शेल उघडे पडतात. ह्याच पट्ट्याच्या पूर्वेस गोंडवनी संघाचे कोळसाधारी थर आहेत. टी. डब्ल्यू. एच. ह्यूज ह्यांचा वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रावरील वृत्तांत १८७७ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या दीर्घ काळात येथील चुनखडकाला सिमेंटमुळे आणि कोळशाला इंधन म्हणून मोल आले. शेल मात्र दोहोंच्या मधला निरुपयोगी खडक म्हणून उपेक्षित राहिला. गेल्या दीड दशकात जगभर शेलाच्या सूक्ष्म रंध्रांचा अभ्यास भरास आला आहे. त्याची दृष्टी केळापूरच्या खडकाला जशीच्या तशी लावता येईल काय, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

ह्या अभ्यासाला वळण देणारा निबंध लाउक्स, रीड, रुपेल व जार्व्ही ह्यांनी २००९ साली 'जर्नल ऑफ सेडिमेंटरी रिसर्च'मध्ये प्रसिद्ध केला. टेक्सासमधील बार्नेट शेल हा त्याचा विषय. क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९६५ पासून बाजारात उपलब्ध होता. शेलाचे तुकडे त्याखाली पाहिलेही जात होते. परंतु घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठावर मऊ कण उपटले जातात, कठीण कण उभे राहतात, आणि दिसणारे छिद्र खडकाचे की घासण्याचे, हे सांगता येत नाही. लाउक्स व सहकाऱ्यांनी आर्गॉन आयनांच्या झोताने पृष्ठ तासले आणि ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. त्यांना आढळलेली रंध्रे सुमारे ५ ते ७५० नॅनोमीटर व्यासाची होती, आणि त्यांतील बहुसंख्य रंध्रे खनिजकणांच्या मधे नसून जैव द्रव्याच्या कणांच्या आत होती. वायू ज्या द्रव्यापासून निर्माण झाला त्याच द्रव्यात तो साठून राहिला, हा निष्कर्ष त्या काळी खरोखरीच नवा होता. निबंधाची मांडणी संयमित आहे. लेखकांनी एका शैलसमूहाविषयी लिहिले आणि तेवढेच लिहिले.

त्यांच्या अनुयायांविषयी असे म्हणता येत नाही. २०१२ साली त्याच गटाने रंध्रांचे तीन वर्ग पाडले: कणांमधील, कणांच्या आतील आणि जैव द्रव्यातील. हे वर्गीकरण सुटसुटीत असल्याने लवकरच साच्यासारखे वापरले जाऊ लागले. नवा शेल हाती आला की त्याची पाच-दहा छायाचित्रे घ्यावयाची, काळे ठिपके तीन कप्प्यांत मोजावयाचे आणि टक्केवारीचा तक्ता द्यावयाचा, अशी एक रीतच पडून गेली. वास्तविक त्याच वर्षी कर्टिस व सहकाऱ्यांनी वुडफोर्ड शेलाच्या अभ्यासातून सावधगिरीची सूचना दिली होती. परस्परांपासून काही मायक्रोमीटर अंतरावरील दोन जैव कणांपैकी एक रंध्रांनी भरलेला व दुसरा पूर्णतः भरीव असू शकतो, हे त्यांनी दाखविले. म्हणजे एकाच खडकात, एकाच परिपक्वतेला, चौकट थोडी सरकविली तर उत्तर पालटते.

केळापूर परिसरात तर साच्याचे मूळ गृहीतच डळमळीत होते. पैनगंगा संघात तळाशी प्राणहिता वालुकाश्म, त्यावर चांदा चुनखडक आणि माथ्यावर सात नाला शेल, असा क्रम पलीकडील आदिलाबाद भागात प्रस्थापित झाला आहे. हे थर कॅम्ब्रियनपूर्व काळातील. त्या काळी भूमीवर वनस्पती नव्हत्या, म्हणून ह्या शेलात व्हिट्रिनाइट असणे शक्य नाही. जैव रंध्रांविषयीचे बहुतेक वाङ्मय मात्र व्हिट्रिनाइटाच्या परावर्तनाची फूटपट्टी हाती धरून लिहिले गेले आहे. ती फूटपट्टीच जेथे उपलब्ध नाही, तेथे 'परिपक्वतेनुसार रंध्रवृद्धी'चे आलेख निरर्थक होत. शिवाय सात नाला शेलाचा तांबूस-तपकिरी वर्ण हा जैव द्रव्याच्या विपुलतेचा नव्हे, तर त्याच्या उणिवेचा निदर्शक आहे. गोंडवनी शेलांची अडचण नेमकी उलट: तेथे जैव द्रव्य भरपूर, परंतु ते काष्ठमय वनस्पतींचे आणि वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या प्रतीवरून पाहता अल्प परिपक्व. सागरी जैव द्रव्य तापून त्यात स्पंजासारखी जाळी पडते, तशी जाळी काष्ठमय द्रव्यात क्वचितच पडते. दोन्ही खडकांना बार्नेटचा अंगरखा बसत नाही, एकाला सैल म्हणून आणि दुसऱ्याला आखूड म्हणून.

नमुना कोठून घेतला, ह्याकडेही पुरेसे लक्ष दिले जात नाही. नाल्याच्या काठचा उघडा शेल पावसाने व उन्हाने पोखरलेला असतो. त्यातील पायराइटाचे ऑक्सिडीकरण होऊन कण नाहीसे होतात व त्यांच्या जागी पोकळ्या उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ह्या पोकळ्या अत्यंत सुबक दिसतात आणि छायाचित्रासाठी त्यांचीच निवड होण्याचा मोह असतो. त्यात भर म्हणजे सूक्ष्मदर्शकातील निर्वात अवस्था. मृद्खनिजे वाळली की आकसतात आणि कणांच्या कडेने बारीक भेगा पडतात. 'कणांमधील रंध्रे' ह्या कप्प्यात अशा भेगांची किती भरती झाली असेल, ह्याचा हिशेब फार थोड्या निबंधांत आढळतो.

प्रमाणाचा प्रश्न तर सर्वांत अवघड आहे. आयनझोताने थरामागून थर कापून जो त्रिमितीय ठोकळा उभा केला जातो, त्याची बाजू साधारणतः १० मायक्रोमीटर असते. १० सेंटिमीटर बाजूच्या हातातील नमुन्यात असे एक लक्ष कोटी ठोकळे मावतील. दुसऱ्या टोकाला, २ नॅनोमीटरपेक्षा लहान रंध्रे ह्या यंत्राला प्रत्यक्षात दिसतच नाहीत. मिथेनाचा रेणू मात्र सुमारे ०.३८ नॅनोमीटरचा असल्याने तेथे सहज वस्ती करू शकतो. ही उणीव भरून काढण्यासाठी ७७ केल्व्हिनला नायट्रोजन व २७३ केल्व्हिनला कार्बन डाय-ऑक्साइड शोषवून मापन करतात. बंदिस्त रंध्रांचा शोध न्यूट्रॉनांच्या लघुकोनी प्रकीर्णनाने लागतो, आणि त्याची सोय तुर्भे येथे १९८५ साली कार्यान्वित झालेल्या 'ध्रुव' अणुभट्टीवर आहे. छायाचित्रे आणि ही मापने ह्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा बहुधा दोन स्वतंत्र परिच्छेद लिहून विषय आटोपला जातो. वस्तुतः जेथे आकडे जुळत नाहीत, तेथेच अभ्यासाला आरंभ व्हावयास हवा.

टेक्सासऐवजी बेल्जियमकडे पाहिले असते तर केळापूरच्या अभ्यासकाला अधिक उपयुक्त गुरू मिळाला असता. किरणोत्सारी कचरा गाडण्याच्या योजनेसाठी तेथील बूम क्लेचा अभ्यास करताना देस्ब्वा, उराई व सहकाऱ्यांनी २००९ साली ओला नमुना गोठवून, तो न वाळविता, आयनझोताने कापून पाहिला. ह्याच परंपरेत पुढे वितळलेला वुड्स मिश्रधातू दाबाने रंध्रांत शिरविण्याची युक्ती रूढ झाली. धातू जेथवर पोहोचला तेथवर रंध्रे जोडलेली आहेत, हे छायाचित्रातच उमटते. रंध्र आहे की नाही ह्यापेक्षा ते शेजारच्या रंध्राला मिळते की नाही, हा तेथे विचारलेला प्रश्न आहे.

केळापूरलाही हाच प्रश्न निकडीचा आहे, कारण येथील शेलाकडे लोकांचे मागणे वायूचे नसून पाण्याचे आहे. पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइडाचे आधिक्य असल्याचा निबंध २००७ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत क्षम्य मानले जाते. त्याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर दात व हाडे बिघडतात. चुनखडकांतील भेगांतून पाणी वेगाने वाहते, शेलात ते रेंगाळते, आणि रेंगाळलेल्या पाण्याला मृद्खनिजांशी आयनांची देवघेव करण्यास पुष्कळ अवधी मिळतो. ही देवघेव शेलाच्या किती पृष्ठावर आणि किती जोडलेल्या रंध्रांतून घडते, ह्याचे उत्तर तीन कप्प्यांच्या तक्त्यात नाही. त्यासाठी विंधनविवरातून काढलेला, पृष्ठभागाच्या झिजेपासून वाचलेला गाभा ओला राखून गोठवावा लागेल. एकाच गाभ्याच्या लगतच्या तुकड्यांवर सूक्ष्मदर्शन, वायुशोषण आणि धातुप्रवेश हे तिन्ही प्रयोग करावे लागतील, आणि त्याच विंधनविवरातील पाण्याचे रासायनिक पृथक्करण त्यांच्या शेजारी मांडावे लागेल.