वृंदगानातील स्वरमेळ व त्याचे लेखन
एकाच वेळी दोन वा अधिक भिन्न स्वरपंक्ती गाण्याच्या पद्धतीस स्वरमेळयुक्त वृंदगान म्हणतात. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. त्यांचे अभंग भजनी परंपरेत, सप्तकभेद वगळता, एकाच स्वरपंक्तीत गायिले जातात. मुख्य गायकाचे ध्रुपद टाळकरी झेलतात. अशा चालीस दुसरी पंक्ती जोडताना गोव्यातील मांडोप्रमाणे तिसऱ्या स्वराच्या समांतर अंतराचे अनुकरण सोपे वाटते. पण ते फसवे आहे. चाल भूपाची असल्यास ऋषभाच्या जोडीस मध्यम व पंचमाच्या जोडीस निषाद येतो. हे दोन्ही स्वर भूपात वर्ज्य असल्याने रागच मोडतो. षड्ज वा पंचम धरून ठेवणारी पंक्ती त्यापेक्षा निर्धोक. मात्र ती अखंड ठेवल्यास केवळ तंबोऱ्याची पुनरुक्ती होते. रागातीलच स्वर निवडून दुसऱ्या पंक्तीस स्वतंत्र चलन देणे, हेच रचनाकाराचे खरे काम होय.

वि. ना. भातखंडे (१८६०–१९३६) यांची स्वरलेखनपद्धती एकाच पंक्तीसाठी घडली असली, तरी ती येथे अपुरी पडत नाही. दोन्ही पंक्ती मात्रेखाली मात्रा जुळवून लिहाव्यात व तालचिन्हे तळाशी एकदाच द्यावीत. त्या स्वतंत्र पानांवर लिहिल्यास वर्ज्य स्वराची चूक तालमीपर्यंत लपून राहते.