डॅगर, रेपियर, मशेटी : पोर्तुगीजमध्ये नेताना काय निसटतं?

परवा एका मित्राने विचारलं, "तू पीएचडीत नेमकं करतोस काय?" म्हटलं, इंग्रजीतल्या धारदार हत्यारांची नावं पोर्तुगीजमध्ये कशी नेतात ते बघतो. तो हसला. "तलवारीला तलवार म्हणायचं, सुरीला सुरी. यात चार वर्षं कसली घालवतोस?" त्याला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आज देतो. तीनच शब्द घेऊ.

पहिला शब्द 'डॅगर'. पोर्तुगीजमध्ये याला दोन उमेदवार आहेत. एक 'आदागा'. हा डॅगरचाच नातेवाईक, ऐकायलाही जवळचा. दुसरा 'पुन्याल'. आता 'मॅकबेथ'मधला दुसरा अंक आठवा. राजा डंकनच्या खुनाला निघालेल्या मॅकबेथला हवेत खंजीर दिसतो, मूठ त्याच्याच हाताकडे वळलेली. धरायला जातो, तर हाती काहीच लागत नाही. इथे अनुवादकांनी नात्यातला 'आदागा' बाजूला ठेवून सहसा 'पुन्याल' घेतला आहे, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. 'पुन्याल'च्या आत 'पुन्यु' हा शब्द आहे. त्याचा अर्थ वळलेली मूठ आणि हत्याराची मूठही. मराठीतही एकच शब्द दोन्हीकडे चालतो, त्यामुळे तुम्हाला ही गंमत वेगळी समजवायला नको. शिवाय 'आदागा' म्हटलं की आज संग्रहालय नाहीतर खेळातले चिलखती वीर आठवतात. 'पुन्याल' मात्र रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. आपण 'पाठीत खंजीर खुपसला' म्हणतो, तसंच पोर्तुगीज माणूस 'पुन्याल'वरून तयार झालेला शब्द वापरून म्हणतो. आणि डंकन कोण? मॅकबेथचा राजा, नातलग आणि त्या रात्रीचा पाहुणा. विश्वासघाताचा वास असलेला शब्दच इथे हवा.

दुसरा शब्द 'रेपियर', म्हणजे लांब, सडपातळ, भोसकायची तलवार. अनेक इंग्रजी-पोर्तुगीज कोशांत यासमोर 'फ्लोरेत' दिलेला असतो. इथे मात्र माझी तक्रार आहे. 'फ्लोरेत' आला इटालियनमधून, 'छोटं फूल' या अर्थाच्या शब्दावरून. सरावाच्या तलवारीच्या टोकाला इजा होऊ नये म्हणून बोंड बसवायचे, ते कळीसारखं दिसायचं. म्हणजे हे हत्यार बोथट आहे हे त्याच्या नावातच सांगितलंय! आता 'हॅम्लेट'चा शेवट बघा. द्वंद्व म्हणजे नुसता खेळ आहे असं हॅम्लेटला वाटतं. पण लेआर्टीसच्या हातातल्या पात्याचं टोक उघडं आहे, वर विष लावलेलं. शेक्सपियर तिथे 'रेपियर'ही वापरतो आणि सरावाच्या तलवारीसाठी 'फॉइल'ही. पोर्तुगीजमध्ये 'फॉइल'ला 'फ्लोरेत' म्हणावंच लागतं. मग 'रेपियर'लाही तेच म्हटलं, तर खेळ आणि खून यांतला फरक शब्दांतून पुसला जातो. राजा क्लॉडियसचं सगळं कारस्थान त्याच फरकावर उभं आहे. आजच्या प्रेक्षकाला तर 'फ्लोरेत' म्हटल्यावर ऑलिम्पिक आठवणार. मी तरी 'रेपियर'ला साधं 'एस्पादा', म्हणजे तलवार, म्हणेन. शब्द थोडा ढोबळ आहे, पण खोटं बोलत नाही.

तिसरा शब्द 'मशेटी'. इंग्रजीने हा स्पॅनिशमधून घेतला. पोर्तुगीजमध्येही असाच दिसणारा शब्द आहे, पण मदेइरा बेटावर त्याचा अर्थ चार तारांचं छोटं वाद्य! १८७९ मध्ये मदेइराहून हवाईला गेलेल्या लोकांबरोबर ते गेलं आणि त्यातून पुढे युकुलेली घडलं. हत्यार हवं असेल तर ब्राझीलमध्ये 'फाकाँव' म्हणजे 'मोठी सुरी', ॲमेझॉनच्या भागात 'तेर्सादु', आणि पोर्तुगाल-अंगोलात 'कताना'. हो, जपानी कताना तीच. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोचले, तिथून शब्द उचलला, आणि सामुराईच्या तलवारीचं नाव शेवटी झाडंझुडपं तोडणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात आलं.

अंगोलात या शब्दाला आणखी वजन आहे. ४ फेब्रुवारी १९६१ ला लुआंडातल्या तुरुंगांवर हल्ला झाला तो कताना घेऊनच. १९७५ च्या राष्ट्रध्वजावर अर्धं दातेरी चाक, तारा आणि कताना आहे. ती शेतकऱ्यांची खूण आहे आणि सशस्त्र लढ्याचीही. दोन्ही अर्थ एकाच पात्यात.

इथे मी स्वतः चुकलो ते सांगतो. सरावासाठी घेतलेल्या एका इंग्रजी उताऱ्यात पहाटे मशेटी घेऊन निघालेली माणसं होती. मी बिनधास्त लिहिलं, 'कतानांनी सशस्त्र माणसं'. मार्गदर्शक बाईंनी पेन्सिलीने समासात एवढंच लिहिलं : "हे लढायला निघालेत की कापणीला?" मूळ उताऱ्यात 'सशस्त्र' हा शब्दच नव्हता! इंग्रजी बातम्यांमधून 'मशेटी' कानावर येते ती बहुतेकदा हिंसेच्या संदर्भात. ती हिंसा मीच त्या माणसांच्या हातात दिली होती. नाटकात अशी चूक झाली तर प्रसंग बिघडतो, एखाद्या साक्षीत किंवा बातमीत झाली तर निर्दोष माणूस हल्लेखोर ठरतो.

तुम्हाला हे लांबचं वाटत असेल तर आपला कोयता घ्या. ऊसतोडीच्या करारात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. आणि शहरातल्या बातम्यांत 'कोयता गँग' असते. वस्तू तीच.

म्हणून असे अनुवाद तपासताना पात्याची लांबी आणि वाक जुळतो का, एवढ्यावर मी थांबत नाही. मूठ कोणाच्या हातात आहे आणि तो माणूस कुठे निघालाय, हे मला आधी बघायचं असतं. मित्राला सांगायचं उत्तर हेच.

जाता जाता एक गृहपाठ. 'आमच्या गावातून यंदा चाळीस कोयते कारखान्यावर गेले.' हे वाक्य इंग्रजीत करून बघा. जमलं तर मला जरूर कळवा, कारण मला अजून जमलेलं नाही.