गरीब: शून्य की एक?

फेलोशिप घेऊन सामाजिक शास्त्रांत आकडेवारीवर पीएच.डी. करणाऱ्यांचे प्रबंध वाचतो, तेव्हा एक गोष्ट खटकते. 'गरीब' हा त्यात नुसता एक रकाना असतो. शून्य किंवा एक. तो भरला कोणत्या निकषावर? त्यावर अर्धं पान.

१९७१ साली दांडेकर आणि रथ यांनी माणशी रोज २२५० उष्मांकांचा निकष धरला. १९६०-६१च्या भावांनुसार महिन्याला खेड्यात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, अशी रेषा निघाली. सुखात्म्यांनी विचारलं, एकाच माणसाची गरजसुद्धा दिवसागणिक बदलते, मग सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी कसा? प्रश्न संख्याशास्त्राचा दिसतो, पण मुळात तो 'गरज' या शब्दाचा आहे. (कमी खाण्याशी शरीर जुळवून घेतं, हे त्यांचं म्हणणं मात्र मला पटत नाही, राज्यकर्त्यांना ते फारच सोयीचं!)

जेआरएफचे सुरुवातीला महिना ३७,००० मिळतात, मिळायलाच हवेत. पैशानं प्रश्न बिघडत नाही, पाच वर्षांच्या मुदतीनं बिघडतो. त्या अर्ध्या पानावर पहिलं वर्ष गेलं तर जाऊ द्या. आणि गाइड मंडळींनो, तेवढी सवड मिळवून देणं हे तुमचं काम, मुलांचं नव्हे.