'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' आणि शासनाचा मळा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'चा उल्लेख आपल्या व्यासपीठांवर नेहमी होतो; ते कसून वाचले जाते, असे मात्र म्हणवत नाही. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने १९४७ साली संविधान सभेसाठी लिहिलेले हे निवेदन. शेती हा शासकीय उद्योग असावा, मोबदला देऊन ताब्यात घेतलेली जमीन जातिधर्म न पाहता गावातील कुटुंबांच्या गटांना सामुदायिकरीत्या कसायला द्यावी, पाणी, अवजारे, बियाणे शासनाने पुरवावे आणि ठरलेली देणी भागल्यावर उरलेले उत्पन्न कसणाऱ्यांनी वाटून घ्यावे, असे ते सांगते. तेही दहा वर्षांच्या आत आणि घटनेनेच बांधून. बदलत्या बहुमताच्या मर्जीवर सोडून नव्हे.

आमच्या लासुर्णे परिसरात या विचाराची परीक्षा घेता येते. वालचंदनगरच्या साखर कारखान्याकडे खंडाने असलेल्या जमिनी १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याखाली शासनाकडे आल्या. १९६३ साली राज्य शेती महामंडळ निघाले. रत्नपुरीचा मळा त्याचाच. जमीन शासनाची, कालव्याचे पाणी शासनाचे. मग बाबासाहेबांची योजना साकार झाली काय? मुळीच नाही. कारखान्याच्या उसात खंड पडू नये, ही या व्यवस्थेमागची मुख्य चिंता होती. कसणारा उत्पन्नाचा वाटेकरी झाला नाही. तो पगारी मजूरच राहिला. मालक बदलला, नाते बदलले नाही. पुढे कायद्यात बदल होऊन जमिनी मूळ खंडकऱ्यांना परत देण्याचे ठरले. त्यांचा हक्क खोटा नव्हे. पण सातबाऱ्यावर ज्याच्या बापजाद्याचे नावच कधी चढले नाही, त्याने कोणता पुरावा आणायचा? पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रम हा आपल्याकडे दस्तऐवज मानला जात नाही.

येथे ग्रंथाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. शेती शासनाच्या नियमांनुसार व्हावी, असे तो म्हणतो. त्या नियमांवर कसणाऱ्यांचा अंकुश कसा राहील, याचे विवेचन मात्र तोकडे आहे. शिवाय संविधान सभेत १५ नोव्हेंबर १९४८ रोजी के. टी. शहांच्या 'समाजवादी' या शब्दाच्या दुरुस्तीला विरोध करताना बाबासाहेबांनी समाजरचना ठरविण्याचे स्वातंत्र्य पुढच्या पिढ्यांकडे असावे, अशी भूमिका घेतली. १९४७ च्या आग्रहाशी ती जुळत नाही. ही विसंगती भक्तिभावाने झाकण्यात अर्थ नाही. एकीकडे ते फेडरेशनचे प्रवक्ते होते, दुसरीकडे मसुदा समितीचे अध्यक्ष. या दोन भूमिकांतील ताण त्यातून दिसतो.

परिणाम आपल्यासमोर आहे. साधनसंपत्तीचे समन्यायी वाटप कलम ३९ मध्ये आले, आणि ते न्यायालयातून बजावून घेता येणार नाही, असे कलम ३७ ने सांगितले. परंतु तेच कलम ही तत्त्वे राज्यकारभाराला मूलभूत मानते आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य ठरवते. आमचे विद्यार्थी पहिला भाग परीक्षेपुरता पाठ करतात. दुसरा भाग त्यांनी ग्रामसभेत, मोर्चात आणि मतपेटीपाशी वापरला पाहिजे. जमिनीच्या प्रत्येक नव्या कायद्याला एकच प्रश्न विचारावा: यात राबणाऱ्याचा वाटा कोठे लिहिला आहे?