अंगठ्याएवढं मुखपृष्ठ

स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या शोधयादीत खेळाचं चित्र म्हणजे जेमतेम एक छोटी आडवी चौकट असते. गुगल प्ले 512 बाय 512 पिक्सेलचं चिन्ह मागून घेतं, त्याचे कोपरे स्वतःच गोल करतं, आणि फोनवर ते अंगठ्याच्या नखाएवढं उरतं. चित्रकाराने कितीही दिवस खपून रंगवलेलं दृश्य शेवटी या चौकटीत जगतं किंवा मरतं. खेळांच्या मुखपृष्ठांबद्दल बोलताना आपण मोठ्या पडद्यावरच्या चित्राचं कौतुक करतो. गिऱ्हाईक मात्र ते चित्र त्या मापात क्वचितच बघतं.

शेती करा, दुकान चालवा, बस हाका, घर झाडा अशा हलक्याफुलक्या सिम्युलेशन खेळांची अडचण तर आणखी वेगळी. मारामारीच्या खेळात नायक असतो, शत्रू असतो, रागावलेला चेहरा असतो. सुपरसेलच्या 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'च्या चिन्हावरचा ओरडणारा योद्धा 2012 नंतर इतका गाजला, की फोनवरच्या दुकानात ओरडणाऱ्या तोंडांची रांगच लागली. सिम्युलेशनमध्ये मात्र कुणी कुणावर ओरडत नाही. तिथला आनंद सावकाश साचत जाणारा असतो: पेरलेलं उगवतं, मळलेलं स्वच्छ होतं, गाडी वेळेवर पोचते. हा आनंद एका स्थिर चित्रात कसा दाखवायचा, हा या कलेपुढचा खरा प्रश्न. त्याला प्रामाणिकपणे भिडलेली मुखपृष्ठं मला फार थोडी दिसतात.

भिडलेली आहेत, त्यांच्याकडे नीट पाहावं. 'मिनी मेट्रो'ने रेल्वेच्या नकाशावरच्या रंगीत रेषाच पुढे केल्या. खेळणारा तासन् तास त्या रेषाच ओढतो, त्यामुळे चित्र आणि खेळ यांत अंतर राहत नाही. 'गोट सिम्युलेटर'ने 2014 साली जीभ बाहेर काढलेली बकरी लावली. खेळाचा सगळा आचरटपणा त्या एका जिभेत आला. 'स्टारड्यू व्हॅली' 2016 साली आला तेव्हा त्याचं सौम्य पिक्सेलचित्र आणि लाकडी वळणाची अक्षरं आजूबाजूच्या चकचकीत गर्दीत ताजी वाटली. नंतर मात्र त्याची मळलेली वाटच झाली. मध्यभागी हसरा शेतकरी, डावीकडे गाय, उजवीकडे कोंबडी, पायाशी भोपळे, वर निळं आकाश. अशी वीस चित्रं शेजारीशेजारी लावली, तर कोणतं कोणत्या खेळाचं हे नावं वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. गाड्यांच्या खेळांतही तेच. ट्रक किंवा इंजिन तिरपं उभं, मागे मावळता सूर्य, काचेवर चमक. चित्रातली गाडी ओळखू येते, पण खेळणारा तिच्यात बसून काय करणार याचा पत्ता लागत नाही.

मराठी माणसाला गर्दीत वेगळं दिसण्याचा हा प्रश्न नवा वाटू नये. 1909 साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला, आणि पुढच्या काही दशकांत एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर एकाच आठवड्यात डझनांनी अंक एकमेकांवर रचले जाऊ लागले. त्या दाटीत मान वळवायला लावणं हे चित्रकार दीनानाथ दलालांचं काम होतं. 1945 साली त्यांनी 'दीपावली' सुरू केला, तेव्हापासून मुखपृष्ठ हे अंकाचं भांडवलच झालं. दुसरे चित्रकार रघुवीर मुळगावकर यांनी फवाऱ्याच्या तंत्राने रंगाला जी मऊ उतरण दिली, तिने दुरूनही चेहरा उजळायचा. दोघांचं वर्चस्व इतकं होतं, की पुढे सुंदर स्त्रीचा चेहरा हाच दिवाळी अंकाचा ठसा बनला आणि अनेक मुखपृष्ठं आतल्या मजकुराशी फटकून वागू लागली. आजच्या गाय-कोंबडी-भोपळा मुखपृष्ठांचा रोग हाच आहे. यशस्वी चित्र पाहून लोक त्याचा विषय उचलतात. त्या चित्रकाराने रंग कुठे दाबला, कडा कुठे मोकळी सोडली, हे उचलायला कुणी बसत नाही.

मला दलाल-मुळगावकरांहूनही जवळचे वाटतात ते अक्षरकार कमल शेडगे. नाटकांच्या जाहिराती वर्तमानपत्राच्या चिंचोळ्या रकान्यात छापल्या जात, त्याही काळ्या-पांढऱ्या, ढोबळ छपाईत. त्या दोन-तीन बोटांच्या जागेत शेडग्यांचं अक्षर नाटकाची जात सांगायचं. ऐतिहासिक असेल तर अक्षराला धार, विनोदी असेल तर उड्या. चित्राला जागाच नव्हती, म्हणून नावालाच चित्र व्हावं लागलं. स्टीमची ती छोटी आडवी चौकट नेमकी हीच मागणी करते. तिथे निम्मी जागा नाव खातं. खेळ बनवणारे पुष्कळदा नाव शेवटी, कुठल्याशा तयार फाँटात, उरल्या जागेत चिकटवतात. मोठ्या चित्रात ते खपून जातं, छोट्या चौकटीत डोळ्यांवर येतं.

आता रत्नागिरीकडे येऊ, कारण या जिल्ह्याकडे या प्रकारच्या खेळांना पुरेल इतका ऐवज आहे. कोकण रेल्वेचं उदाहरण घ्या. उक्षी आणि भोके यांच्यामध्ये साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे, रत्नागिरीच्या दक्षिणेला पानवलचा 64 मीटर उंच पूल आहे. आगगाडीच्या खेळाचं मुखपृष्ठ करताना मी इंजिन मोठं काढणार नाही. पानवलचे उंच सरळसोट खांब आणि त्यावर सरकणारी बारीकशी गाडी, एवढंच पुरे. छोट्या मापात उभ्या-आडव्या रेषा टिकतात, इंजिनावरची नक्षी टिकत नाही. शिवाय उंचीची धास्ती आणि ती ओलांडण्याचं समाधान ही त्या खेळातली खरी गोष्ट आहे.

दुसरं उदाहरण हापूसच्या बागेचं. इथे नेहमीचा मोह म्हणजे पिवळाधमक आंबा. पण आंब्याच्या पेट्यांवर वर्षानुवर्षं तोच छापला जातोय, आणि बाजारात थप्पी लागली की एक पेटी दुसरीपासून वेगळी दिसत नाही. बागेत माणूस काय करतो ते बघा. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा देठासकट उतरवतो, प्रतवारी करतो, पेंढ्यात अढी घालतो, पेटी भरतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने सुधारून दिलेला 'नूतन झेला' बागायतदारांच्या हाती आहे. लांब काठी, टोकाला जाळी, जाळीत नुकताच सुटलेला हिरवट आंबा आणि मागे पानांचा काळोख. काठीची तिरपी रेष नजर थेट आंब्यावर नेते. आंबा हिरवा ठेवण्याचा आग्रह मी धरीन, कारण पिकवण्याचं काम अजून उरलंय हे त्या रंगातूनच कळतं आणि खेळणाऱ्याला ते काम करावंसं वाटतं.

इथल्या कातळशिल्पांकडेही मुखपृष्ठ करणाऱ्याने एकदा जाऊन यावं. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, कोरलेल्या आकृत्यांत छाया नाही, रंग नाही, मुख्यतः बाह्यरेषाच आहे. तरी कशेळीच्या सड्यावरचा भलामोठा हत्ती वरून पाहताच हत्ती म्हणून कळतो. तसंच आपलं चित्रही आधी नुसतं काळ्या छायाकृतीत काढून पाहावं. ओळख पटली नाही, तर रंग ओतून ते सुधारत नाही.

देवनागरी नावाची अडचण मात्र खरी आहे. रोमन अक्षरं एका पट्टीत बसतात. आपल्याकडे वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, मधून शिरोरेषा. 'रत्नागिरी' लिहा आणि स्टीमच्या त्या चौकटीत बसवा: वेलांट्यांचे डोंगर वरच्या कडेला घासतात, मधल्या अक्षरांना जागा उरत नाही. उपाय अक्षरकाराकडेच आहे. मुंबईच्या एकटाइप या फाँट बनवणाऱ्या संस्थेने 'मोदक' आणि 'बलू' हे जाडजूड फाँट बनवले आहेत. ते सगळ्यांना मोफत उपलब्ध आहेत, पण फाँट तसाच टाकून भागत नाही. शिरोरेषा कुठे तोडायची, कोणती वेलांटी आखडती घ्यायची, हे त्या एका नावापुरतं हाताने ठरवावं लागतं.

दुकानांनी घातलेले नियम मला चित्रकाराच्या बाजूचे वाटतात. 1 सप्टेंबर 2022 पासून स्टीमने या चौकटींत खेळाचं चित्र, नाव आणि अधिकृत उपनाव यांपलीकडे काही टाकायला बंदी केली. पुरस्कारांची पदकं, परीक्षणातले गुण, सवलतीची घोषणा सगळं गेलं. गुगल प्लेनेही 2021 मध्ये चिन्हांवरचे 'सर्वोत्तम', 'क्रमांक एक' असले दावे काढायला लावले. ओरडायची साधनं काढून घेतल्यावर चित्रालाच बोलावं लागतं. खोटं बोललं, तर त्याचीही सोय आहे: स्टीमवर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ परत करून पैसे मिळतात. मुखपृष्ठावर भव्य बंदर आणि आत चार खोकी असा व्यवहार फार काळ चालत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने जुळवलेल्या चित्रांनी खोट्या मुखपृष्ठाचा हा धोका वाढवला आहे. खेळात अशी चित्रं वापरली असतील तर जानेवारी 2024 पासून स्टीमवर ते जाहीर करावं लागतं. नीतीचा प्रश्न तर आहेच, पण मला त्याइतकीच खटकते त्यांची ओळखहीनता. कोकणातलं घर मागितलं की वाकलेला माड, निळा समुद्र आणि कुठल्याही देशात शोभेल अशी झोपडी मिळते. जांभ्याच्या भिंती, पावसाने काळी पडलेली कौलं, गडग्यावरचं शेवाळ, अंगणावरचा माटव या गोष्टी पाहिलेल्या माणसाच्याच हातातून येतात. असे हात तयार करणारी कला महाविद्यालयं याच जिल्ह्यात आहेत, सावर्ड्याला आणि देवरुखला. निसर्गचित्रणासाठी तिथली मुलं उन्हातान्हात सड्यांवर बसतात. खेळ बनवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी त्यांना काम द्यावं, आणि देताना चौकटीचं माप पहिल्याच दिवशी सांगावं.

गुगल प्लेवर खेळाचं पान मराठीत करता येतं, त्यासाठी वेगळी चित्रंही चढवता येतात, आणि दोन-तीन पर्याय प्रत्यक्ष गिऱ्हाइकांपुढे ठेवून कोणता चालतो तेही तपासता येतं. एक पर्याय हसऱ्या शेतकऱ्याचा ठेवा, दुसरा झेल्यातल्या हिरव्या आंब्याचा, देवनागरी नावासकट. आकडे बघताना मात्र किती जणांनी खेळ उतरवून घेतला एवढ्यावर थांबू नका. आठवड्यानंतर किती जण अजून खेळताहेत तेही पाहा.