पारोचा दगड आणि आपण ऐकलेली गोष्ट

सोयगावात बसून अजिंठ्यावर बोलायचं म्हणजे आजोळच्या माणसांना आजोळची वाट दाखवण्यासारखं आहे. लेणी तुमच्याच तालुक्यातली, आणि ‘अजिंठा’ हे काव्य लिहिणारे ना. धों. महानोरही तुमच्याच पळसखेड्याचे. म्हणून लेण्यांना हात लावत नाही. घाट चढून वर अजिंठा गावात गेलं की एक लहानशी कबर आहे, पारोची. तेवढ्यावर बोलतो.

परवा चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, “सर, पारोचा एक चांगला पुतळा बसवला पाहिजे, पर्यटक थांबतील.” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. तेव्हापासून तो पुतळा माझ्या डोक्यातून जात नाही. चेहरा कुणाचा देणार हो त्याला? नितीन देसाईंच्या २०१२च्या सिनेमातल्या नटीचाच ना?

मुळात कबरीवर आहे काय ते बघा. एक नाव, एक तारीख आणि एक विशेषण. २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख, आणि नावाआधी इंग्रजीत ‘माय बिलव्हेड’, म्हणजे माझी प्रिय. संपलं. बापाचं नाव नाही, गाव नाही, जात नाही, जन्मसाल नाही. कुणी तिला भिल्लाची पोर म्हणतं, कुणी महादेव कोळ्यांची. त्यावरून वाद घालणारी माणसं मी पाहिलीत. दगड त्या वादात पडत नाही.

दगड लावणारा रॉबर्ट गिल, मद्रास फौजेतला अधिकारी. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला १८४४ साली कंपनी सरकारनं त्याला नेमलं. त्याचं लग्न झालेलं होतं, मुलंबाळं होती. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना हा भाग हळूच गिळला जातो, कारण तो आला की नायकाची किंमत कमी होते. मला विचाराल तर तो भाग सांगितला पाहिजे. त्याशिवाय ‘माझी प्रिय’ हे शब्द उघड्यावर, दगडात कोरून ठेवण्यातला धीटपणा कळत नाही. त्या काळात साहेबांच्या घरात देशी बाई असणं नवलाचं नव्हतं. तिच्या नावाचा दगड उभा राहणं ही मात्र वेगळी गोष्ट.

आता महानोरांकडे येतो. त्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणूनच थोडं टोचेल असं बोलतो. पारोला मराठीत आणलं ते त्यांनी. इंग्रजी दगडावरच्या चार अक्षरांना त्यांनी आपल्या रानाची बोली दिली. त्यांच्या आधी किती मराठी वाचकांना पारो माहीत होती? मोजकेच असतील. पण त्यांची पारो रानाइतकीच सुंदर आहे, आणि माझी तक्रार तिथेच आहे. रान कुणाला प्रश्न विचारत नाही. रान साहेबाला म्हणत नाही, की बाबा, तुझी बायको कुठंय? कवितेत पारो फुलते, गंधाळते, पण कवितेबाहेर तिला दिवसभराचं काय काम होतं, भाकरी कुणी थापली, साहेबाची भाषा तिला किती कळत होती, यातलं काही आपण विचारलंच नाही. सिनेमानं तर यात गाणी घातली. गाणी चांगली आहेत, लिहिलीही महानोरांनीच. पण आता कबरीपाशी आलेला माणूस खाली वाकून दगड वाचत नाही. तो उभ्या उभ्या सिनेमा आठवतो, सेल्फी काढतो आणि गाडीत बसतो. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. गिलनं वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक मोठ्या तैलचित्रांचं काय झालं? ती लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली, आणि १८६६च्या डिसेंबरात तिथल्या आगीत जळाली. पुढे १८७२पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. मधल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच १८८५ला लंडनमध्येच जळाल्या. अजिंठ्याच्या नकलांना आगीचा शापच म्हणायचा! गिल १८७९मध्ये गेला, त्याची कबर भुसावळला. म्हणजे हिशोब करा. चित्रं राख झाली, माणूस भुसावळच्या मातीत. अजिंठा गावात गिलच्या हातचं उरलं काय, तर हा पारोचा दगड. गिलची उरलेली कलाकृती बघायला लोक लंडनच्या संग्रहालयात जातात. मी म्हणतो, एक इथं घाटावर पडलीय, तिला आपण फक्त एका प्रेमकथेचा पुरावा करून ठेवलंय.

पुतळा झाला तर काय होईल? दगड झाकोळेल. पुतळ्याला हार लागतो, जयंती लागते. तिची जन्मतारीख तर दगडावर नाहीच, मग जयंती कधीची ठरवणार? मग कुठलीतरी एक जात पाटीवर येईल, दुसरे मोर्चा काढतील. चौकातले पुतळे आपण तसेही कितीसे वाचतो? एसटीतून जाताना हात जोडतो, खालची पाटी कुणी बघत नाही.

त्या टपरीवाल्या मित्राला मी म्हटलं, पुतळ्याचे पैसे जमले तर आधी कबरीभोवतीचं गवत काढू. मग त्या इंग्रजी ओळींचं मराठी करून शेजारी एक साधी पाटी लावू. अक्षरं मोठी, म्हणजे आपल्या म्हाताऱ्यांनाही वाचता येतील. पाटीवर सिनेमाचं नाव नको, जात नको, ‘अमर प्रेम’ तर मुळीच नको. दगडावर आहे तेवढंच. तो म्हणाला, “एवढ्यासाठी कोण थांबेल सर?” मी म्हटलं, २३ मेला तू आणि मी थांबू. तर तो म्हणतो, मे महिन्यात? उन्हात?

बरं, वेळ झालीय. प्रश्न असतील तर विचारा, मागच्या रांगेतून आधी.