पथ्य आणि पंगत

वैद्यांच्या व्याख्यानांचा व प्रबंधांचा परामर्श वाङ्मयाच्या मासिकांत कशाला, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. आमचें उत्तर असें कीं, जें लेखन वाचून घरांतील स्वयंपाक बदलतो आणि मुलाच्या हातांतील घास बदलतो, त्याची भाषा व दृष्टि तपासणें टीकाकाराच्या अधिकाराबाहेरचें नाहीं. अशा लेखनाला कसोटी एकच: ज्याला त्याची खरी गरज आहे त्या वाचकाशीं तें बोलतें कीं नाहीं? सीलिअॅक ह्या रोगावरील लेखनाला ही कसोटी लावून पाहण्याचा येथें आमचा हेतु आहे. येथें तो वाचक म्हणजे, आपल्या मुलाला हा रोग आहे असें ज्यांना नुकतेंच कळलें आहे, ते आईबाप.

रोगाचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. गहूं, जव व राय ह्या धान्यांत ग्लूटेन नांवाचें चिकट प्रथिन असतें. ज्यांच्या प्रकृतींत हा दोष आहे, त्यांच्या शरीराची संरक्षक शक्ति ह्या प्रथिनाच्या निमित्तानें स्वतःच्याच आंतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म अंकुर झिजतात, आणि पोटभर जेवणारें मूलही वाळत जातें. उपाय एवढाच कीं, तें प्रथिन जन्मभर वर्ज्य करावें. पथ्य नीट पाळलें तर मुलाचें आंतडें बहुधा पूर्ववत् होतें, वजन भरतें, उंची वाढूं लागते. मात्र तपासण्या पुऱ्या होण्यापूर्वींच गहूं बंद केला तर निदानच फसण्याचा संभव असतो.

ह्या रोगावरील अर्वाचीन लेखनाचा आरंभ सॅम्युएल गी ह्या इंग्रज वैद्याच्या व्याख्यानापासून मानतात. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील बालरुग्णालयांत ५ ऑक्टोबर १८८७ रोजीं तें झालें आणि १८८८ सालीं सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या अहवालांत छापलें गेलें. पानें अवघीं चार. रोगाचें नांव अॅरेटिअस ह्या प्राचीन ग्रीक वैद्यापासून चालत आलेलें. पण अॅरेटिअस हा रोग मुलांचा मानीत नव्हता, तर गीनें एक ते पांच वर्षांचीं मुलें त्याला विशेष बळी पडतात असें सांगितलें. गीच्या लेखनाचा मोठा गुण असा कीं, त्यांत पांडित्याचा पसारा नाहीं. रोग्याला बरें करणें शक्य असेल तर तें आहारानेंच होईल, हें त्यानें निःसंदिग्धपणें मांडलें.

परंतु कोणत्या आहारानें? येथें गी चांचपडतो. भात, साबुदाणा व मक्याचें पीठ त्यानें अयोग्य ठरविलें, आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनीं चांगला भाजलेला पाव त्यापेक्षां बरा मानला. आमच्याकडे आजाऱ्याला प्रथम दिला जाणारा मऊ भात निषिद्ध, आणि जें खरें अपायकारक तें भाजून देण्यास मुभा! ह्याबद्दल त्याला हंसणें अन्यायाचें होईल. दोषी कोण हें ओळखण्याचें साधन त्याच्या काळीं कोणापाशींच नव्हतें.

त्याच व्याख्यानांत एक लहानशी हकीकत आहे. एका मुलाला रोज क्वार्टभर, म्हणजे लिटराहून कांहींसे अधिक, उत्तम डच शिंपले खावयास दिले. मूल चांगलेंच सुधारलें. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि रोग उलटला. पुढच्या वर्षीं हंगाम पुन्हां आला, परंतु त्या मुलानें शिंपल्यांना तोंड लावलें नाहीं. गी हें सांगतो आणि पुढें जातो. आमच्या मतें तेथें थांबावयास हवें होतें. आहार हें औषध असलें, तरी तें गिळणारें तोंड मुलाचें आहे. आणि मुलाची इच्छा कोणत्याही वैद्याच्या आज्ञेंत राहत नाहीं. हा घरचा प्रश्न त्या व्याख्यानांत उभा राहतो आणि अनुत्तरित राहतो.

दोषी धान्य हुडकून काढण्याचें श्रेय विलेम कारेल डिके ह्या डच बालवैद्याचें. त्याच्याविषयीं एक आख्यायिका सर्वत्र सांगतात. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत हॉलंडमध्यें भीषण दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. इतर लोक खंगत असतां सीलिअॅक झालेलीं मुलें मात्र सुधारलीं. पाव परत आला आणि तीं पुन्हां आजारी पडलीं. हें पाहून डिकेच्या डोक्यांत प्रकाश पडला. कथा म्हणून ही उत्तम आहे. पण इतिहास म्हणून ती लंगडी आहे. गहूं वगळलेल्या आहाराविषयीं डिकेनें १९४१ सालींच, म्हणजे दुष्काळाच्या तीन वर्षें आधीं, लिहिलें होतें. युद्धानें त्याचा तर्क बळकट केला. जन्माला घातला नाहीं. पुढें १९५० चा त्याचा प्रबंध आणि १९५३ चे सहकाऱ्यांसह लिहिलेले लेख ह्यांत मुलांना निरनिराळीं धान्यें आळीपाळीनें देऊन, मलांतून किती चरबी वायां जाते हें मोजून, गहूं व राय दोषी ठरविले. तांदूळ आणि मका निर्दोष सुटले.

ह्या आख्यायिकेवर आमचा आक्षेप केवळ सनावळीचा नाहीं. ती चुकीचा धडा देते. दैवयोगानें शोध लागला असें वाचणारे आईबाप स्वतःही एखाद्या दैवयोगाची वाट पाहूं लागतात. खरी हकीकत पुष्कळ रुक्ष आहे, पण त्यांच्या उपयोगाची आहे: वर्षानुवर्षें पाहणें, मोजणें, नोंद ठेवणें. पाव बंद केल्यावर आपल्या मुलाचा पुरळ कमी होतो, हें एका तरुण आईनें केलेलें निरीक्षणही डिकेच्या विचाराला चालना देणाऱ्या गोष्टींत सांगितलें जातें. आख्यायिकेंत दुष्काळाला जागा आहे, त्या आईला नाहीं. आईबापांसाठीं लिहिणाऱ्यानें ह्या दोहोंपैकीं कोणाला पुढें आणावें, हें सांगावयास नको.

आतां आईबापांच्या हातीं पडणाऱ्या पत्रकांकडे वळूं. त्यांचें स्वरूप सामान्यतः याद्यांचें असतें: हें खावें, हें खाऊं नये. याद्या हव्यातच. पण दुसऱ्या देशाच्या स्वयंपाकघरावरून उतरलेली यादी आमच्या घरांत आंधळी होते. ती पावाविषयीं सावध करते. परंतु बाजारांतील खड्याच्या किंवा पुडीच्या हिंगांत बहुधा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो, थालीपिठाच्या भाजणींत गहूं असतो, सातूच्या पिठांत जव असतो, हें ती कोठून सांगणार? ज्वारी निर्दोष खरी. पण गिरणींत गव्हामागोमाग ती दळली तर तिच्या पिठांत गहूं येतोच. ज्या पोळपाटावर पोळी लाटली त्यावरच भाकरी थापली तर तोच प्रकार. उलट पक्षीं, तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, शिंगाडा एवढीं पिठें ज्या स्वयंपाकांत पूर्वापार आहेत, त्यांतील आईला आतां खायला काय द्यावें असा धाक घालण्याचें कारण नाहीं. चांगल्या लेखनानें धोका आणि दिलासा हे दोन्ही तिच्याच घरांतून दाखविले पाहिजेत.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. याद्या पदार्थांची नांवें सांगतात, माणसांचीं मनें सांगत नाहींत. आजी म्हणते, एका घासानें काय होतें? ती निर्दय नसते. नातवाच्या तोंडांत घास घालणें हीच तिच्या मायेची भाषा असते. तिला आकडा सांगावा लागतो: किलोभर पदार्थांत २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन असेल तर त्याला ग्लूटेनमुक्त म्हणावें असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, आणि भारतांतही तोच आहे. पोळीचा एक घास ह्या हिशेबांत केवढा ठरतो, हें उघड आहे. पण नुसत्या आकड्यानें आजीचें समाधान होत नाहीं. तिची माया अडवून चालत नाहीं. तिला दुसरी वाट द्यावी लागते. तांदळाच्या उकडीचा मोदक त्याच आजीच्या हातचा असूं शकतो.

आमच्या भाषेंत ‘पंक्तिभेद’ असा एक शब्द आहे, आणि तो दोषवाचक आहे. एकाच पंगतींत एकाला एक व दुसऱ्याला दुसरें वाढणें हा अन्नाचा व माणसाचा अपमान, असें आम्ही मानीत आलों. ह्या रोगांतील पथ्य तर पंक्तिभेदावांचून पाळतां येत नाहीं असें प्रथमदर्शनीं वाटतें. सत्यनारायणाच्या प्रसादाचा रव्याचा शिरा सर्वांच्या हातावर पडतो आणि एक लहान हात मागें घ्यावा लागतो. वर्गांतील मुलें डबे उघडून एकमेकांचें खातात आणि एक डबा बाजूला राहतो. वैद्याला हा प्रश्न गौण वाटेल. मुलाला हाच मुख्य वाटतो. ज्याला आपण पंगतींतून उठविलें गेलों असें वाटलें, तें मूल केव्हां तरी चोरून बिस्किट खाईल, आणि पथ्य तेथें मोडेल.

म्हणून आमचें मत असें कीं, मुलाचें ताट बदलण्यापेक्षां होतां होईल तेथें पंगत बदलावी. घरांतून पोळी हद्दपार करा असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या जेवणाला मूल सर्वांबरोबर बसेल, त्यांतील मुख्य पदार्थ सर्वांना एकच असावेत. सणाला तळणीच्या मोदकांऐवजीं उकडीचे व्हावेत. प्रसादाला केळीं किंवा पंचखाद्य ठेवल्यानें कोणतीही पूजा उणी पडत नाहीं. आणि जेथें भेद टळतच नाहीं, तेथें त्याचें कारण मुलाला त्याच्या वयाच्या भाषेंत आधींच सांगावें. पुढें नको म्हणण्याचें काम त्याला एकट्यालाच करावयाचें आहे; तें शिक्षा म्हणून नव्हे, तर स्वतःच्या प्रकृतीचें ज्ञान म्हणून त्याच्या हातीं गेलें पाहिजे.

गीनें रोग ओळखला आणि डिकेनें धान्य ओळखलें. ह्या दोघांचें ऋण मोठें आहे. पण शिंपले नाकारणाऱ्या त्या मुलाला काय हवें होतें, हें दोघांच्याही पानांत सांपडणार नाहीं. तें सांगणारा ग्रंथ वैद्यकाचा जाणता आणि स्वयंपाकघराचा जाणता अशा दोघांनीं मिळून लिहावा. त्यांत यादी असावी, आकडे असावेत आणि एका पंगतीचें वर्णन असावें. असें पुस्तक आमच्याकडे अभिप्रायार्थ आलें, तर त्याला आम्ही आनंदानें जागा देऊं.